विहिणींचे किल्ले

थेंबेबाईंचं आडनाव थेंबे नव्हतं. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. कुणी कितीही घाई केली, तरी शेवटच्या थेंबाला रंग बदलेपर्यंत त्या उत्तर देत नसत, म्हणून कुणा सहकाऱ्यानं हे नाव ठेवलं आणि ते निवृत्तीनंतरही निघालं नाही. बोलण्यातही त्यांची तीच तऱ्हा होती. वाक्य आधी मनात जुळवायचं, एकदा तपासायचं, मग सोडायचं.

त्या सकाळी बसमध्ये बसताना असंच एक वाक्य तयार होतं. ‘पुढल्या वर्षापासून आपण हे थांबवू या, विहीणबाई.’ साधं, सरळ, कुणाला टोचणार नाही असं. फक्त ते कधी सोडायचं, एवढंच ठरायचं राहिलं होतं.

शेजारी खिडकीजवळ विहीणबाई बसल्या होत्या. मांडीवर पिशवी, पिशवीत डबे आणि तोंडाचा पट्टा चालू. या थेंबेबाईंच्या जावयाच्या आई. त्यांचा पडदे शिवण्याचा छोटा कारखाना होता आणि कुठल्याही खोलीत पाऊल टाकलं की त्यांची नजर आधी खिडकीवर जायची. थेंबेबाईंची एकुलती एक लेक त्यांची सून होती. ती दुखण्यात गेली, तेव्हा दोन्ही घरांत बसवेनासं झालं. एका घरात तिची खोली, दुसऱ्या घरात तिचा फोटो. मग एके दिवशी विहीणबाई थेंबेबाईंच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, चपला घाला. एका जुन्या किल्ल्यातल्या दिवाणखान्याचे पडदे त्यांच्या कारखान्यानं शिवून दिले होते आणि ते नीट लोंबतात की नाही हे त्यांना बघायचं होतं. पडदे एका बाजूनं वर गेले होते. खिडकीच तिरकी आहे, तिला चारपाचशे वर्षं कुणी काही बोललं नाही आणि आता बोल मला लावता, असं विहीणबाईंनी तिथल्या व्यवस्थापकाला ऐकवलं. दोघी दिवसभर त्या किल्ल्यात हिंडल्या. परतताना थेंबेबाईंच्या लक्षात आलं, की आज आपल्याला भूक लागली आहे.

तेव्हापासून दर वर्षी एक किल्ला. किल्लेच का, असं जावयानं एकदा विचारलं होतं. किल्ल्यात मेलेल्यांची इतकी गर्दी असते, की आपलं माणूस एकटं पडत नाही, असं विहीणबाईंनी सांगितलं आणि लगेच त्याला पानातलं संपवायला लावलं. पर्यटन खात्याच्या पुस्तिकेत प्रत्येक किल्ल्याला चांदण्या दिलेल्या असत. पण या दोघींची मोजमापं वेगळी होती. विहीणबाईंच्या मते किल्ला पाहण्याजोगा ठरायला सावलीत बसायला जागा, स्वच्छ संडास आणि चारचौघांत खपेल इतपतच खोटं बोलणारा गाइड, एवढं पुरे होतं. थेंबेबाई एकच गोष्ट बघत. वेढा पडला, तर आतल्या लोकांना पाणी कुठून मिळणार? त्याचं समाधानकारक उत्तर असलं, की त्यांना तो किल्ला आवडायचा, मग त्याचे निम्मे बुरूज पडलेले का असेनात.

पण थेंबेबाईंना या सहलींची ओढ होती ती निराळ्याच कारणानं. लेक गेल्यापासून सगळे तिच्याबद्दल हळू आवाजात आणि चांगलंच बोलत. किती गुणी, किती शांत, किती समजूतदार. ऐकता ऐकता थेंबेबाईंना ती मुलगी ओळखू येईनाशी झाली होती. विहीणबाई तेवढ्या अजून सुनेच्या चहाड्या सांगत. “तुमच्या लेकीनं एक दिवस ओला टॉवेल वाळत घातला असेल तर शपथ.” किंवा, “दार म्हणून कधी लोटायची नाही, सगळी उघडी.” गेलेल्या माणसावर असं चिडणं जगात या एकाच बाईला जमत होतं. आणि ती चिडली, की थेंबेबाईंची लेक फोटोतून उतरून, ओला टॉवेल खांद्यावर टाकून, घरभर फिरायला लागायची.

गेल्या महिन्यात जावई पुन्हा लग्न करत असल्याचं सांगायला आला. खुर्चीच्या काठावर बसला, चहाचा कप हातात धरून प्यायचा विसरला. थेंबेबाई त्याला म्हणाल्या, फार चांगलं केलंस. ते मनापासून होतं. त्यांनी तपासून पाहिलं होतं. मात्र तो गेल्यावर त्यांनी पुढचा हिशेब मांडला. विहीण म्हणजे दोन घरांमध्ये एक लग्न. लग्नातलं माणूस गेलं तरी जागा रिकामी असेपर्यंत जुनी विहीण चालून जाते. आता त्या जागी नवी येणार. शब्द एक, जागा एक. उद्या विहीणबाई संकोचून काही बोलणार, त्याआधी आपणच मोकळं करावं, म्हणून ते वाक्य तयार झालं होतं.

किल्ला नदीच्या वळणावर होता. खंदकातलं पाणी कधीच आटलेलं. आता त्यात गवत वाढलं होतं आणि मेंढ्या चरत होत्या. पुढच्या दरवाजाशी तिकिटांची खिडकी होती. विहीणबाई रांगेत पुढे घुसल्या आणि तिकिटं घेऊन आल्या. ती त्यांच्या मुठीत होती, पण थेंबेबाईंची नजर मोजायला सरावलेली. तिकिटं तीन होती.

गाइड भेटला, हा लांब मानेचा, सावकाश बोलणारा गृहस्थ होता. त्यानं दरवाजाच्या कमानीतली खोबण दाखवली. तिच्यातून लोखंडी जाळीचा दरवाजा वरून धाडकन खाली सोडत. छताला भोकं होती. तिथून उकळतं तेल ओतत असं पाहुण्यांना आवडतं म्हणून सांगतो, तो म्हणाला, पण तेल महाग होतं, बहुतेक दगड आणि गरम पाण्यावरच भागवत असतील. पाहुण्यांसाठी एवढी सोय, विहीणबाई म्हणाल्या, आमच्याकडे नुसता चहा पातळ केला तरी लोक उठून जातात. गाइड हसला. एरवी थेंबेबाईही हसल्या असत्या.

तिथून पुढे त्या पाहत होत्या ते विहीणबाईंना. मुदपाकखान्यात गाडीभर लाकूड मावेल अशा चुली होत्या. विहीणबाईंनी त्यांच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. दिवाणखान्यात भिंतभर जुना विणलेला पडदा होता. त्याचं अस्तर कुणी शिवलं असेल, यावर त्यांनी अर्धा तास बोलायला हवं होतं. त्या घड्याळ बघत होत्या, मग दाराकडे, मग फोनकडे. आणि थेंबेबाईंना, चंबूतल्या पाण्याचा रंग पालटावा तसं, एकदम कळलं.

“तिसरं तिकीट तुमच्या नव्या विहीणबाईंचं आहे ना?”

विहीणबाई पिशवीचा बंद पुन्हा पुन्हा बांधू लागल्या.

“सांगितलं असतं तर तुम्ही आला नसतात,” त्या शेवटी म्हणाल्या.

“नसतेच आले.”

आपलं वाक्य सोडायची हीच वेळ होती. पण ते सुटेना. आपण मोकळं करायला निघालो होतो आणि इथे तर बदली माणूस आधीच बोलावलं गेलं होतं. म्हणजे काम समजावून देऊन खुर्ची सोडायची. मी जरा विहीर बघून येते, एवढं म्हणून त्या वळल्या. विहिणीला कंटाळून विहिरीकडे, असं काहीतरी विहीणबाई मागून पुटपुटल्या, पण विनोद त्यांच्या स्वतःच्याच गळी उतरला नसावा.

विहीर मागच्या दरवाजाजवळ, बाहेरच्या अंगणात होती. तिथवर यायला तिकीट लागत नसे. दगडी कठडा, तोंडावर लोखंडी जाळी आणि भोवती बसायला उतरती पायरी. पायरीवर एक बाई एकट्याच बसल्या होत्या. उन्हानं चेहरा लाल झालेला, मांडीवर कापडी पिशवी आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून उठू की नको असा आविर्भाव.

थेंबेबाई जाळीवर वाकल्या. खूप खाली पाण्याचा काळा तुकडा चमकत होता. खोल आहे का हो, त्या बाईंनी विचारलं. कुणी विहिरीबद्दल विचारलं तर थेंबेबाईंना राहवत नसे, मन कितीही कडू झालेलं असो. त्यांनी सांगितलं, की विहिरीचा तळ नदीच्या पातळीच्याही खाली आहे, नदीचं पाणी वाळू-गोट्यांतून झिरपत इथे येतं आणि वाटेत गाळून निघतं. शत्रू नदी ताब्यात घेऊ शकतो, पण जमिनीखालून येणारं पाणी त्याला अडवता येत नाही. त्या बाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. मग म्हणाल्या, बसा की, फार ऊन आहे. पिशवीतून त्यांनी लिंबाच्या पाकाची बाटली काढली, पाण्याची काढली, दोन पेले काढले.

आणि पाक ओतायला त्यांनी बाटली उचलली.

बाटलीवर शाईनं लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या बाईंनी बाटली हातात किंचित फिरवली, चिठ्ठी तळहातात झाकली जाईल अशी धरली, आणि मग ओतलं. ओतून झाल्यावर तोंडाशी राहिलेला थेंब पेल्याच्या कडेला टिपला आणि झाकण लगेच लावलं.

प्रयोगशाळेत येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराला थेंबेबाई पहिल्या दिवशी हेच शिकवत. चिठ्ठी तळहाताकडे. म्हणजे ओघळ आला तर तो पलीकडून जातो, अक्षरं पुसत नाहीत आणि पुढच्या माणसाला बाटलीत काय आहे ते कळतं. घराघरांतून कुणी असं ओतत नाही.

“तुम्ही प्रयोगशाळेत होता का?” त्यांनी विचारलं.

“छे हो. पोस्टात. खिडकीवर.”

“मग बाटली अशी धरायला कुणी शिकवलं?”

बाई संकोचल्या. “आमच्या होणाऱ्या जावयाची सवय. तेल ओतू दे, दूध ओतू दे, आधी बाटली फिरवणार. मुलीनं उचलली, मग मीही उचलली. घरात हसतो आम्ही...” बोलता बोलता त्यांनी थेंबेबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि थांबल्या. हातातला पेला त्यांनी पायरीवर ठेवला.

“तुम्ही त्या आहात,” त्या म्हणाल्या.

थेंबेबाईंनी होकारार्थी मान हलवली. अंगणात कुणीतरी कुणाचा तरी फोटो काढत होतं, थोडं मागे सर, अजून मागे, असं सांगत.

पोस्टातल्या बाईंनी मग अडखळत सांगितलं ते असं. भेटायचं त्यांनीच मागितलं होतं. विहीणबाई आधी नको म्हणाल्या, मग वर्षातून एक दिवस आम्ही दोघी किल्ल्यावर जातो तिथे या म्हणाल्या, मागच्या दरवाजाशी थांबा, मी बोलावते. इथे बसून त्या मनात वाक्यं जुळवत होत्या, पण एकही जुळत नव्हतं.

“मुलीचे वडील आमच्याशी कधी धड बोलले नाहीत. मुलीनं लग्नच नको म्हणून ठेवलं होतं. आणि हा मुलगा उशीर होणार असेल तर फोन करतो. आजारी माणसाजवळ बसायचं कसं ते त्याला कळतं. माझ्या दुखऱ्या गुडघ्याखाली उशी ठेवली त्यानं, न सांगता. असा माणूस कुणीतरी घडवलेला असतो. तुमच्या लेकीनं घडवला असणार. म्हणून आभार मानायचे होते. पण कसे मानू? तुमचं गेलं म्हणून माझ्या दारी आलं, असं कुठल्या तोंडानं म्हणू?”

बाईंनी सांगितलेल्यातलं एक चुकलेलं होतं, आणि चुकलेलं तसंच राहू देणं थेंबेबाईंना जमत नसे.

“लेकीनं नाही शिकवलं,” त्या म्हणाल्या. “बाटलीचं तरी नाही. माझ्या घरात तिनं एका बाटलीवरचं अक्षर धड ठेवलं नाही. झाकण कुठे, बाटली कुठे.”

हे आपण बोललो, याचं त्यांना नवल वाटलं. लेकीची चहाडी त्यांनी आजवर स्वतः कधी केली नव्हती.

आणि मग त्यांना आठवलं, की हे कुणी शिकवलं. लेकीचे शेवटचे महिने. औषधांच्या बाटल्या, प्रत्येकीवर डोस लिहिलेला. जावई घाईघाईनं ओतायचा आणि ओघळानं आकडे पुसायचे. एका संध्याकाळी थेंबेबाईंनी त्याच्या हातातली बाटली घेतली, फिरवून पुन्हा त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, चिठ्ठी तळहाताकडे धर, राजा. पलंगावरून लेक म्हणाली होती, झालं, आई आता तुलाही प्रयोगशाळेत भरती करून घेणार. तिघंही हसली होती. त्या खोलीतही हसू होतं, हे थेंबेबाई साफ विसरून गेल्या होत्या.

त्यांनी हे सगळं पोस्टातल्या बाईंना सांगितलं, जसं आठवलं तसं, न जुळवता, न तपासता. सांगताना आवाज मध्येच गेला, तरी त्या थांबल्या नाहीत. पोस्टातल्या बाईंनी पेला उचलून त्यांच्या हातात दिला. सरबत गोड झालं होतं, जरा जास्तच. थेंबेबाईंनी ते सगळं प्यायलं.

ती बाटली धरण्याची रीत आता तिसऱ्या घरात गेली होती. तिथली मुलगी, जिला त्यांनी पाहिलंही नव्हतं, रोज दूध ओतताना बाटली फिरवत होती. थेंबेबाईंना वाटलं, आभार आपणच मानायला हवेत, या बाईंनी हे येऊन सांगितलं म्हणून. तसं त्या म्हणाल्याही. त्यावर पोस्टातल्या बाईंनी आधी रुमाल काढला, मग तो कुणाला लागणार हे न कळून दोघींच्या मधे पायरीवर ठेवला.

एवढ्यात कमानीतून विहीणबाई आल्या. धापा टाकत, पिशवी एका खांद्यावर, तिकिटं दातांत. दोघींना एका पायरीवर बघून त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. ओळख करून द्यायची म्हणून त्यांनी बरीच तयारी केलेली दिसत होती आणि ती वाया गेल्याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं असावं.

“तुम्हीच भेटलात होय,” त्या म्हणाल्या. “मग मी तिकडे तासभर कुणासाठी घाम गाळला?”

थेंबेबाईंनी त्यांना शेजारी जागा करून दिली. आता जे बोलायचं होतं, ते तयार वाक्य नव्हतं.

“मला वाटलं, नव्या विहीणबाई आल्या म्हणजे माझी सुट्टी. म्हणून मीच सांगणार होते, आता थांबवू या म्हणून.”

“सुट्टी?” विहीणबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या. “अहो, उद्या नवी सून घरात येणार. माणूस आहे, चुका करणार. मी चिडणार. ते सांगायचं कुणाला? हिला?” त्यांनी पोस्टातल्या बाईंकडे हात केला. “ही तिची आई. हिच्यासमोर मला जन्मभर गोड बोलायचंय. चहाड्या ऐकायला तुम्हीच लागणार मला. तुम्ही थांबलात तर माझं पोट फुगेल.”

“मी हवं तर कान झाकून घेईन,” पोस्टातल्या बाई म्हणाल्या.

विहीणबाईंनी थेंबेबाईंचं मनगट घट्ट धरलं, पडद्याचं जड कापड धरतात तसं, सगळ्या बोटांनी.

“आणि तिच्याबद्दल मी दुसऱ्या कुणाशी बोलू?” त्या म्हणाल्या. “घरात तिचं नाव काढलं, की सगळे पानात बघायला लागतात. तुमच्यापाशी मला तिच्यावर चिडता येतं. तेवढं राहू द्या.”

म्हणजे इतकी वर्षं दोघी एकच गोष्ट घ्यायला इथे येत होत्या, आणि आपण एकटीच घेणारी आहोत असं प्रत्येकीला वाटत होतं. थेंबेबाईंनी आपला दुसरा हात विहीणबाईंच्या हातावर ठेवला.

मग प्रश्न निघाला, की थेंबेबाई आणि पोस्टातल्या बाई एकमेकींच्या कोण. मी दोघींची विहीण, विहीणबाई बोटं मोजत म्हणाल्या, म्हणजे तुम्ही एकमेकींच्या... आणि अडकल्या. सवत म्हणावं तर ती मुलींची, तीही धड नाही. मावशी नाही, जाऊ नाही. एवढी नाती आणि या एकाला शब्द नाही, पोस्टातल्या बाई म्हणाल्या. मी तुम्हाला ताई म्हणू का? थेंबेबाई म्हणाल्या, म्हणा.

बालेकिल्ला अजून बघायचा राहिला होता. त्याच्या अरुंद दाराशी गाइड माणसं मोजून आत नेत होता. तिघी बरोबर का, त्यानं विचारलं. बरोबर, थेंबेबाई म्हणाल्या. विहीणबाईंनी आपला पाय दुखतो, मी खाली सावलीत बसते असं जाहीर केलं, मग वर खिडक्या आहेत असं कळल्यावर लगेच पुढे झाल्या.

जिना गोल होता, एका वेळी एकच माणूस मावेल असा, पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झालेल्या. भिंतीला धरायला जाड दोर होता. विहीणबाईंचा आवाज वरच्या वळणावरून येत होता; दगड कसा कोरलाय, यावर त्यांचं नि गाइडचं काही जमत नव्हतं. मधे पोस्टातल्या बाई, दुखऱ्या गुडघ्यानं एकेक पाऊल वर ठेवणाऱ्या. शेवटी थेंबेबाई.

एका झरोक्यापाशी पोस्टातल्या बाई दम घ्यायला थांबल्या. बाहेर नदी होती, पलीकडच्या काठावर शेतं. आपल्या मुलीबद्दल त्या विहिरीजवळ जेवढं बोलल्या, त्यापुढे दिवसभरात एक अक्षर बोलल्या नव्हत्या. लग्न कधी, तिचं काम काय, ती दिसते कशी, काहीच नाही. तोंडाशी आलेलं परत गिळताना थेंबेबाईंनी त्यांना दोनदा पाहिलं होतं. आपल्यासमोर बोलायची त्यांना चोरी वाटत होती.

“तुमची लेक कशी आहे हो?” थेंबेबाईंनी विचारलं.

पोस्टातल्या बाई वळल्या. जिन्यात उजेड कमी होता, पण चेहरा उमलल्याचं दिसलं.

“हट्टी आहे,” त्या म्हणाल्या. “फार हट्टी आहे, ताई. लहानपणी एकदा...”

वरून विहीणबाईंनी हाक मारली, की एवढा वारा सुटलाय, लवकर या. येतो, थेंबेबाईंनी वर सांगितलं, आणि दोराला धरून त्या खालच्या पायरीवर टेकल्या.

“सांगा,” त्या म्हणाल्या. “सावकाश सांगा.”